एकही गोळी नाही तेव्हा

पासष्टीला टेकलेला मराठी माणूस माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा अमेरिकेतल्या मेडिकेअरचे, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पार्ट ए आणि पार्ट बी त्याला बहुतेक पाठ असतात. ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या. पार्ट डी, म्हणजे औषधांचा विमा, निघाला की तो खुर्चीत रेलून बसतो आणि म्हणतो, "ते औषधांचं राहू द्या हो ताई. मला एकही गोळी नाही." बायको शेजारी असेल तर ती पुस्ती जोडते, "रोज पहाटे पाच मैल चालतात." मग सूर्यनमस्कार, मेथीचं पाणी, सातच्या आत जेवण. हे सगळं मी ऐकून घेते, कारण त्यात खोटं काही नसतं. फक्त मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं.

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी हे काम करते. शिप म्हणतात त्याला. 1990 च्या एका केंद्रीय कायद्याने राज्याराज्यांत सुरू झालेली ही सल्ला देण्याची सोय, आणि बहुतेक ठिकाणी ती आमच्यासारख्या प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. आम्ही काही विकत नाही, कमिशन घेत नाही, आणि अमुक कंपनीचा प्लॅन घ्या असं सांगायची आम्हाला मुभा नाही. हे शेवटचं आपल्या लोकांना पटत नाही. "तुम्ही स्वतः कुठला घेतलाय ते तरी सांगा," म्हणतात. मी सांगत नाही. माझी औषधं वेगळी, त्यांची वेगळी. नोकरीत असताना मी हिशेब तपासायची, त्यामुळे तारखा आणि आकड्यांशी माझं बरं जमतं. आणि पार्ट डी कधी घ्यायचा हा प्रश्न गोळ्यांचा कमी आणि तारखांचा जास्त आहे.

तारखा अशा. पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने पहिल्या नावनोंदणीचे. ते उलटले, आणि त्यानंतर सलग 63 दिवस किंवा जास्त काळ तुमच्याकडे औषधांचं पुरेसं कव्हरेज नव्हतं, की पेनल्टी लागू होते. बिनकव्हरेजच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे एक टक्का. टक्का कशाचा, तर देशभरासाठी दरवर्षी ठरणाऱ्या एका मूळ प्रीमियमचा. 2026 साठी तो 38.99 डॉलर आहे. म्हणजे साठ महिने काढले तर 60 टक्के, महिना 23.40 डॉलर, तुमच्या प्लॅनच्या प्रीमियमवर वेगळे. पार्ट डी असेपर्यंत ते देत राहायचे, आणि मूळ प्रीमियम वाढला की तेही वाढणार.

हे ऐकल्यावर आपला माणूस डोक्यात गणित करतो. साठ महिने प्रीमियम वाचवला, नंतर महिना तेवीस डॉलर जास्त गेले, किती वर्षांत बरोबरी? एका निवृत्त इंजिनियर काकांनी तर कागदावर रेघा ओढून आलेख काढला होता. गणित बरोबर होतं. स्वस्तातला प्लॅन न घेता पाच वर्षं काढली आणि नशीब धड राहिलं, तर तोटा फारसा नाही. कधीकधी नाहीच. पेनल्टीची भीती घालून लोकांना प्लॅन घ्यायला लावणं मी कधीच सोडून दिलं. खरी किंमत पेनल्टीत नाहीच. ती वाट बघण्यात आहे, आणि आलेखात ती कुठे मांडलेली नसते.

अलीकडचीच गोष्ट. एक काका, अडुसष्टीचे, मूळ चेंबूरचे, ऐंशीच्या दशकात इकडे आलेले. निवृत्तीनंतर ए आणि बी घेतला, डी घेतला नाही. गोळी नव्हतीच. 2024 च्या फेब्रुवारीत जिना चढताना धडधडायला लागलं, ईसीजी निघाला आणि हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं. अशा वेळी रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. डॉक्टरांनी एलिक्विस लिहून दिलं. त्याची यादीतली किंमत तेव्हा महिन्याला पाचशे डॉलरच्या वर होती. काका दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडे आले. "चला, आता घेऊन टाकू तो डी. पेनल्टी भरतो, काय असेल ती."

आता घेऊन टाकता येत नाही, हे त्यांना समजावताना मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पहिले सात महिने हुकले की सर्वांसाठीचं दार वर्षातून एकदा उघडतं, 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर, आणि तेव्हा घेतलेलं कव्हरेज सुरू होतं 1 जानेवारीला. मधे शिरायला काही खास कारणं लागतात. नोकरीचं कव्हरेज गेलं, दुसऱ्या राज्यात राहायला गेलात, उत्पन्न कमी असल्यामुळे सरकारी मदत मंजूर झाली, असं काहीतरी. आजार हे कारण त्या यादीत नाही. फेब्रुवारीत निदान, जानेवारीत कव्हरेज. काका पैसे टाकायला तयार होते आणि पैसे घ्यायला कोणी तयार नव्हतं. असा अनुभव अमेरिकेत फार क्वचित येतो, आणि म्हणूनच तो लोकांना खोटा वाटतो.

डॉक्टरांनी मग त्यांना वॉरफरिनवर ठेवलं. जुनं औषध, जेनेरिक, अगदी स्वस्त. पण त्याचा डोस रक्त तपासतपासत ठरवावा लागतो आणि खाण्यातलं के जीवनसत्त्व त्याच्या कामात आडवं येतं. ज्या घरात एक दिवस पालक, दुसऱ्या दिवशी मेथी आणि तिसऱ्या दिवशी काहीच नाही अशी पालेभाजी होते, तिथे रक्ताचा आकडा वरखाली नाचतो. काकू वैतागल्या होत्या. "पालेभाजी बंद करा म्हणाले असते तर सोपं होतं. म्हणे, रोज सारखीच खा. भाजी काय वजन करून वाढू?" खरोखरच काही महिने त्या वाटीने मोजून वाढत होत्या. काकांना त्या काळात काही झालं नाही. पण दर थोड्या दिवसांनी रक्त द्यायला जाणं आणि प्रत्येक आकड्याची धास्ती घेणं, हे त्या न घेतलेल्या प्लॅनचं बिल होतं. जानेवारीत कव्हरेज सुरू झालं तेव्हा त्यांची पेनल्टी निघाली चाळीस टक्के, 14.70 डॉलर. 2026 मध्ये ती 15.60 झाली. तिच्याबद्दल मात्र काका आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत.

हा नियम इतका ताठर का, यावर त्यांनीच मला एकदा सुनावलं, आणि मला ते पटलं. "आमच्या चाळीतल्या भिशीत एक बाई होत्या. आपलं लग्नकार्य निघालं की त्या महिन्यात भिशीत यायला बघायच्या. कोण घेणार?" तसंच आहे. आजारी पडल्यावर येता येणार असेल तर धडधाकट माणूस कशाला आधी येईल, आणि नुसते आजारीच आले तर प्रीमियम कोणाला परवडेल? 1965 साली मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हा घरी घ्यायची औषधं त्यात नव्हतीच. ती आली 2003 च्या कायद्याने. प्रतिनिधिगृहातलं ते मतदान पहाटे जवळजवळ तीन तास ताटकळत ठेवलं होतं, शेवटी 220 विरुद्ध 215 ने निभावलं. प्रत्यक्ष कव्हरेज 1 जानेवारी 2006 पासून. चालवायचं खासगी विमा कंपन्यांनी, घ्यायचं ज्याच्या त्याच्या मर्जीने. मर्जीवर सोडलेला विमा टिकवायचा तर उशिरा येणाऱ्याला काहीतरी टोचलं पाहिजे. तत्त्व म्हणून मला यात खोट दिसत नाही. खटकतं ते इतकंच, की पेनल्टीचा गाजावाजा सगळीकडे होतो आणि जानेवारीपर्यंत थांबावं लागेल हे कोणी ठळक अक्षरात छापत नाही.

म्हणून "मला एकही गोळी नाही" म्हणणाऱ्याला मी विचारते, "आज औषधांचं कुठलं कव्हरेज आहे तुमच्याकडे?" याची उत्तरं दोनच. काहीच नसेल तर सात महिन्यांच्या आत आपल्या भागातला सर्वात स्वस्त प्लॅन घेऊन ठेवावा, असं माझं मत. अगदी थोड्या डॉलरांतला एखादा बऱ्याच वर्षी सापडतो. तो चांगला असलाच पाहिजे असंही नाही. औषध लागलं की येत्या ऑक्टोबरात बदलता येतो, आणि तोवर निदान काहीतरी हातात असतं. वर्षभरात स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल याला 2025 पासून मर्यादा आली आहे. तेव्हा 2,000 डॉलर, 2026 ला 2,100. प्लॅनच्या यादीतल्या औषधांपुरती ती सर्वात स्वस्त प्लॅनलाही लागू आहे. पूर्वी मधल्या ज्या खड्ड्याला सगळे डोनट होल म्हणायचे, तो आता राहिलेला नाही. त्यामुळे हलक्या प्लॅनची मला पूर्वीइतकी धास्ती वाटत नाही.

दुसरं उत्तर, नोकरीचं कव्हरेज आहे. पासष्टीनंतरही नोकरी करणारे आपल्यात पुष्कळ, किंवा बायकोची नोकरी चालू असते आणि नवरा तिच्या विम्यावर. यांनी बहुधा पार्ट ए घेऊन ठेवलेला असतो, मेडिकेअरचा कर चाळीस तिमाह्या भरला असला की फुकट म्हणून. पण ए हातात आला की डी घ्यायला तुम्ही पात्र ठरता, आणि घड्याळ सुरू होतं. नोकरीचं औषध-कव्हरेज पार्ट डीच्या तोडीचं असेल, म्हणजे क्रेडिटेबल असेल, तर ते घड्याळ थांबलेलं राहतं. ते तसं आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं, मीही नाही. कंपनीने दरवर्षी 15 ऑक्टोबरच्या आत तसं लेखी कळवायचं असतं. हे पत्र म्हणजे माझ्या कामातली सर्वात दुर्लक्षित वस्तू. बऱ्याचदा ते एका जाड पुस्तिकेच्या मधल्या पानावर असतं आणि पुस्तिका रद्दीत जाते. मी सांगते, ते पान फाडून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. पुढे कधी पार्ट डी घ्याल तेव्हा प्लॅनवाले मधल्या काळाचा पुरावा मागतील, आणि तोवर ती कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतलेली असेल. मोठ्या वजावटीचे काही विमे या कसोटीला उतरत नाहीत. तेव्हा "कंपनी मोठी आहे, असणारच" हे उत्तर चालत नाही.

सर्वात जास्त गोंधळ आठ महिन्यांचा. नोकरी सुटल्यावर पार्ट बी घ्यायला आठ महिने मिळतात, हे पार्टीत, देवळात, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना माहीत आहे. तेच आठ महिने डीला लावले जातात. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले, मार्चअखेर नोकरी आणि तिचं कव्हरेज दोन्ही संपलेलं, ए पासष्टीपासूनच हातात. ऑगस्ट उजाडला होता. "नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे ना?" बीसाठी होता. डीसाठी कव्हरेज गेल्यावरचे दोन महिने असतात, ते मेअखेर संपले होते. त्यांना एक वाट शिल्लक होती. बी नव्याने सुरू होतो तेव्हा औषधांसकट ॲडव्हान्टेज प्लॅन घेता येतो. पण अशा प्लॅनचं स्वतःचं डॉक्टरांचं जाळं असतं आणि त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ आमच्या भागातल्या त्या जाळ्यांत बसत नव्हते. डॉक्टर सोडायची त्यांची तयारी नव्हती. मीही आग्रह केला नाही. जानेवारीपर्यंत त्यांनी औषधं खिशातून घेतली. पेनल्टी किती? नऊ महिने, नऊ टक्के, महिना साडेतीन डॉलर.

कोब्रा घेतलेल्यांचं आणखी निराळं. नोकरी सुटल्यावर जुनाच विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालवायची ही सोय बीच्या हिशेबात धरत नाहीत, तिथे आठ महिने नोकरी सुटल्यापासूनच मोजतात. पण कोब्रातलं औषध-कव्हरेज क्रेडिटेबल असेल तर डीच्या हिशेबात ते चालतं. एकाच विम्याला एक खिडकी हो म्हणते, दुसरी नाही. मी नियमांची बाजू घेणारी बाई आहे, पण इथे मलाही बाजू सापडत नाही.

आणि मग आपली पिशवी. टेबलावर पिशवी उपडी होते, त्यातून ग्लायकोमेट, टेल्मा, इकोस्प्रिन यांच्या स्ट्रिपा बाहेर पडतात, आणि प्रश्न येतो: "आम्ही दर खेपेला पुण्याहून आणतो. इथल्यापेक्षा स्वस्त. मग प्लॅन कशाला?" स्वस्त खरंच असतात. माझ्या चष्म्याला न झेपणाऱ्या अक्षरांत छापलेलं मूळ द्रव्याचं नाव शोधून मी लिहून घेते, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, आणि मेडिकेअरच्या संकेतस्थळावर घालून बघते. अशी रोजची जेनेरिक औषधं पुष्कळ प्लॅनमध्ये इतक्या थोड्या पैशात असतात की पुण्याच्या भावाची मिजास उतरते. पण मुद्दा भावाचा नाही. पुण्याहून आणलेली गोळी म्हणजे कव्हरेज नव्हे. महिनोन्महिने पिशवी भरलेली असली तरी घड्याळ चालूच असतं. पुण्याचं औषध स्वस्त असतं तेही ठरावीक गोळ्यांपुरतं. उद्या संधिवाताचं इंजेक्शन किंवा कर्करोगाची गोळी लागली तर पिशवीचा उपयोग नाही, आणि तेव्हा महिना कुठला चाललाय यावर सगळं ठरतं.

मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांचं वेगळं प्रकरण आहे. इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर, पासष्ट पूर्ण असतील तर, त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. चाळीस तिमाह्या नसल्यामुळे एसुद्धा फुकट नाही. मुलाची नोकरी इथे कामाची नाही, हे ऐकून मुलं गप्प होतात. त्यांच्या तारखा वाढदिवसावरून नाहीत, पात्र झाले त्या महिन्यावरून मोजायच्या. उत्पन्न कमी असेल तर मी लगेच आमच्या राज्याच्या पाड योजनेचा अर्ज काढते. 1975 पासून चालू आहे ती. त्यात जेनेरिक औषधाला पाच डॉलर आणि ब्रँडच्या औषधाला सात डॉलर पडतात, पण पार्ट डी घेतलेला असावा लागतो. आणि केंद्राची एक्स्ट्रा हेल्प मंजूर झाली तर पेनल्टी लागतच नाही. गरिबाला उशीर माफ आहे. हा एक भाग या कायद्यात मला मनापासून आवडतो.

ज्यांचं उत्पन्न जास्त होतं त्यांची तक्रार उलटी. दोन वर्षांपूर्वीचं विवरणपत्र बघून सरकार बी आणि डी दोन्हींवर अधिभार लावतं. दोघंही आयटीतून नुकतेच निवृत्त झालेले, पगार बंद, आणि पत्र येतं जुन्या पगाराच्या हिशेबाने. त्यांच्यासाठी एसएसए-44 नावाचा फॉर्म आहे, नोकरी थांबल्याचं कळवायचा. भरला की बहुतेकांचं काम होतं.

कायमचं पुण्याला परत जाणारं एक जोडपं परवा आलं होतं. बाणेरला फ्लॅट तयार, इथलं घर विकलेलं. पार्ट डी ठेवायचा की सोडायचा? देशाबाहेर राहणाऱ्याला पार्ट डी मिळतच नाही, कारण प्लॅनच्या भागात तुमचा मुक्काम असावा लागतो. त्यामुळे तिकडच्या वर्षांची पेनल्टीही लागत नाही. सहा महिने तिथे आणि सहा महिने इथे करणाऱ्यांना, ज्यांचा कायमचा पत्ता इथलाच आहे, ही सवलत नाही. पार्ट बीचं मात्र वेगळं. तो सोडला तर पुण्यात काढलेली वर्षंही उशीर म्हणून मोजली जातात, दर पूर्ण बारा महिन्यांना दहा टक्के, आणि तो चालू ठेवला तर भारतातल्या दवाखान्यात त्याचा छदामही उपयोग नाही. काकू म्हणाल्या, "नातवंडं इथे आहेत. आम्ही परत येणार नाही असं लिहून कसं देऊ?" लिहून द्यायचं काही नव्हतं. बी ठेवायचा आणि डी सोडायचा असं त्यांनी दोघांत ठरवलं. बीचा हप्ता, 2026 ला महिना 202.90 डॉलर, त्या परतीच्या तिकिटाच्या अनामतीसारखा धरणार होत्या. काका तोवर माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या 15 ऑक्टोबरच्या चौकटीकडे बघत होते. "म्हणजे परत आलो तर ऑक्टोबरातच यायला हवं." मी म्हटलं, नको. परदेशातून राहायला परत येणं हे खास कारण आहे. कुठल्याही महिन्यात या, आलात तो महिना आणि त्यापुढचे दोन पूर्ण महिने तुमचे. काकूंनी वही पुढे केली आणि हे शेवटचं वाक्य त्यांनी मला माझ्याच अक्षरात लिहून द्यायला लावलं, खाली तारीख घालून.